शेवटचं पाकीट

सगळे सरळ पडले होते.

आईने डोळे पुसले, मायक्रोस्कोपचा स्क्रू थोडा फिरवला आणि पुन्हा वाकून पाहिलं. काचेच्या बशीतल्या पाण्यात तिच्या मुलाचे कृमी सुयांसारखे ताठ पडले होते. एकही वळवळत नव्हता. बशी हलवली तर पाण्याबरोबर नुसते वाहत होते. "जिवंत असला की वाकतो, आई. सरळ झाला की संपला," हे तिला मुलानेच शिकवलं होतं.

मुलगा हे कृमी पाळायचा. नुसत्या डोळ्यांना दिसायचेही नाहीत, पण पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला मातीत शोधून काढायचे, तिच्या अंगात शिरायचे आणि तिला आतून संपवायचे. शेतकरी त्याच्याकडून पाकिटं न्यायचे. पाकिटात ओला स्पंज, स्पंजात लाखो कृमी. ऊन उतरलं की स्पंज पाण्यात पिळायचा आणि ते पाणी मुळाशी घालायचं, विषाचं काम नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लोकांची मुलं गाई-म्हशी पाळतात, आमच्या दिवट्याने जंत पाळलेत." तो हसून म्हणायचा, "तुझ्यापेक्षा कमी कटकट करतात." फक्त त्यांना फ्रिजमध्ये गारव्याला ठेवावं लागे. उकाडा त्यांना सोसायचा नाही, आणि त्यालाही.

मागच्या उन्हाळ्यात तो मोटारसायकलवरून पाकिटं पोचवायला गेला. ऊन लागून वाटेतच संपला. आणला तो चौघांनी उचलून. कामाची खोली घरात सगळ्यांत मोठी, म्हणून त्याला तिथेच निजवलं, फ्रिजच्या शेजारी.

त्यानंतर आईने अन्न टाकलं. घास तोंडात नुसता फिरायचा. शेजारणी समजावून थकल्या. एका दुपारी सून बशी घेऊन तिच्या अंथरुणाशी आली.

"आई, उठा. त्याच्या हातचं शेवटचं पाकीट फ्रिजमध्ये राहिलंय. अजून जिवंत आहेत. या, बघा."

आईने पाहिलं. वळवळत होते, एकमेकांत गुंतत होते, पुन्हा सुटत होते. ती पोटभर रडली आणि मग म्हणाली, "वाढ मला."

तेव्हापासून दर रविवारी तिचं हे ठरलेलं. स्पंजाचा कोपरा बशीत जरासा पिळायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. मुलाने हाताने भरलेलं काहीतरी अजून हलतंय, एवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. सुनेला मात्र या कशाचं काही नव्हतं. नवरा गेला, पण हिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. रोपवाटिकेत कामाला जायची, यायची, स्वयंपाक करायची. अधूनमधून फ्रिज पुसते म्हणून त्या खोलीत शिरायची आणि दार आतून लावून घ्यायची. आई दाराबाहेर जिवाचा कान करून उभी राहायची. अशा व्यवहारी बाईचा काय भरवसा? देऊन टाकायची पाकीट एखाद्या गिऱ्हाइकाला.

आता सून तापाने अंथरुणाला खिळली होती. दुखणं लांबलं होतं. आईने बशी उचलली आणि तशीच तिच्या खोलीत गेली.

"फ्रिजचं काय केलंस?"

सुनेने डोळे उघडले.

"बंद केलास ना? सगळे मेलेत. एवढं एक उरलं होतं माझ्याकडे त्याचं. तेही तुला बघवलं नाही?"

"फ्रिज चालू आहे, आई." सुनेचे ओठ सुकले होते. "मला उठताच आलं नाही. पाकीट बदलायचं राहून गेलं."

"बदलायचं?"

तापात तोंडून निसटलेलं आता परत घेता येण्यासारखं नव्हतं. सून हळूच म्हणाली, "दुसऱ्या एका कृमी पाळणाऱ्याकडून ताजं आणते मी. तुमच्या लेकाच्या जुन्या पाकिटात भरून ठेवते."

आई पलंगाच्या कडेवर बसली. बशीतलं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं, ते तिला कळलंही नाही. म्हणजे ते दार लावून घेणं यासाठी होतं.

"आणि त्याचे?"

"त्याचे गेले."

"कधी?"

"तुम्ही जेवायला लागलात, त्याच्या आधीच. तुम्हाला दाखवले ते त्याचे नव्हते." सुनेने धाप टाकली. "तो गेला त्या गडबडीत फ्रिज बंद राहिला. मी बघितलं तेव्हा खाली पाण्याचं तळं झालं होतं. वायर निघालेली होती."

"कुणी काढली?"

सुनेने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. इतक्या दिवसांत आईने तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

"बोल की. कुणी काढली?"

"जाऊ द्या ना, आई."

सुनेच्या उशाशी टेबलफॅन घरघरत होता. आईची नजर त्याच्यावर गेली आणि तिथेच थांबली. हाच पंखा. त्या दिवशी तिनेच तो कामाच्या खोलीत उचलून नेला होता. खोलीत माणसांची गर्दी होती, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि भिंतीवर प्लग लावायला जागा एकच होती. तिथली वायर तिने ओढून काढली, पंख्याची खोचली आणि पंखा मुलाच्या तोंडाकडे नीट वळवून ठेवला. त्याला उकडत असेल, असं तिला वाटलं होतं.