अंगावरचा धातू

शहाऐंशी सालची गोष्ट. नव्या शहरासाठी जमीन गेल्यावर कंत्राटदार झालेल्या हिरामणला फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या वाशीच्या लॉजमध्ये बंधू करून घेत होते. रिवाजाप्रमाणे डोळ्यांवर पट्टी होती, गळ्यात दोरी आणि उघड्या छातीवर कट्यारीचं टोक. अंगावर धातू चालत नाही म्हणून कमरेचा चांदीचा करगोटासुद्धा त्यानं उतरवला होता. “काही धातू राहिलाय का?” विधीसाठी पुण्याहून आलेल्या अध्यक्षांनी विचारलं, आणि हिरामणच्या अंगावर काटा आला. दोन वर्षांपूर्वी जमीन वाचवायच्या मोर्चावर पोलिसांच्या भोंग्यातून गोळीबाराचा हुकूम सोडणारा हाच आवाज! तोंड तेव्हा धुरात दिसलं नव्हतं. “हाय,” तो म्हणाला. “खांद्यात रुतलीय. मोर्चातली तुमची गोळी.” अध्यक्षांनी विधीतला पुढचा प्रश्न कसाबसा विचारला, “तुला सर्वांत जास्त काय हवंय?” “प्रकाश म्हण, मग पट्टी सोडतील,” दोरी धरणारा बंधू कुजबुजला. हिरामणनं मान आवाजाकडे वळवली. “तुमचं तोंड बघाचं हाय.”