सत्यभामाबाईचा रिपोर्ट

"कावून त्या मशिनला छळताय ताई? सडली आसंल टेप. वीस वर्सं माळ्यावर व्हती," भागवत पुटपुटला. सकाळपासूनची ही त्याची चौथी कुरकुर. आधी पंखा, मग चहा, मग स्टूल.

रुद्राणीनं मान वर केली नाही. बीडच्या बसस्टँडमागं तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान. नवरा गेला तेव्हा त्याच्या टायपिंग क्लासातली सहा बंद मशिनं तिच्या वाट्याला आली. ती उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून ती हा धंदा शिकली. घरी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मशिनशी बोलायची सवय लागलेली.

"चल माझे बाई," ती टेपला म्हणाली.

संगणकाची माहिती साठवायची ती जुनी टेप फिरत होती. अडचण वेगळीच होती. ती कोणत्या प्रोग्रामनं भरली हेच कळत नव्हतं. पडद्यावर अक्षरांचा नुसता चिवडा येत होता.

"भागवतराव, लॅबमध्ये टायपिंगला तुम्हीच होतात ना? प्रोग्रामचं नाव काय होतं?"

"ध्यानात न्हाई."

"कोणी बसवला?"

"पुण्याचा कोणीतरी. गेलाबिला आसंल आता."

दवाखान्यांच्या तपासण्या करणारी ती लॅब कधीच बंद पडली होती. तिथली टेपांची पेटी भागवतनं घरी का आणली, ते त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. सत्यभामानं आपल्या जुन्या रिपोर्टसाठी विचारलं तेव्हा माळा मोकळा होतोय म्हणून बायकोनं ती आनंदानं देऊन टाकली. भागवत पेटीच्या मागोमाग दुकानात आला. दोन दिवस झाले, उठायचं नाव नाही.

सत्यभामा दारातल्या पायरीवर बसली होती. आत खुर्ची होती, पण तिला पायरी बरी वाटत होती. ती भागवतच्याच गावची लेक. ऊसतोडीला जायची. बाविसाव्या वर्षी तिची गर्भाची पिशवी काढली. सडलीय, ठेवली तर कॅन्सर होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. दोन वर्षांत नवऱ्यानं दुसरी केली. तेव्हापासून सत्यभामा कुणाच्या ओटीभरणाला गेली नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं. तिनं स्वतःच ठरवलं होतं, सडक्या पिशवीच्या बाईनं कुणाची ओटी भरू नये.

काढलेली पिशवी तपासायला लॅबमध्ये गेली, रिपोर्ट डॉक्टरांकडं गेला. तिला तो कोणी दाखवला नाही. तिनंही मागितला नाही.

ऑपरेशनच्या आधी झालेली तिची लेक बबिता आता तेवीस वर्षांची. पोटात दुखायला लागलं म्हणून तिला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी आईचं काय झालं होतं ते विचारलं. बबिताच्या सासूनं सांगितलं, "आईची सडकी व्हती. लेकीची चांगली कुठून निघंल?" ऑपरेशन सोमवारी ठरलं. सत्यभामाला ते पटलंही होतं. फक्त एकदा कागद बघायचा होता. आपली किती सडली होती, तेवढं तरी कळावं.

सत्यभामाचं ऑपरेशन झालं त्या दवाखान्यातल्या पिशव्यांच्या रिपोर्टांची टेप पेटीत वेगळी होती. वर भागवतच्या अक्षरात साल घातलेलं.

दुपारी रुद्राणीनं वाचायचा नाद सोडला. नुसती लांबी मोजू लागली, स्वेटरचे टाके मोजावेत तशी. एक रिपोर्ट संपला की थोडी रिकामी जागा येत होती. वरचा भाग दरवेळी निराळा. ते नाव, गाव, वय असणार. खालच्या चार ओळी मात्र तिला ओळखीच्या वाटू लागल्या. तिनं दहा रिपोर्ट ताडून पाहिले. मग पन्नास. मग सगळे.

"भागवतराव," ती हळू म्हणाली, "दोनशे बारा बाया आहेत यात. मला एकीचंही नाव वाचता येत नाही. पण खाली सगळ्यांना अक्षराला अक्षर एकच लिहिलंय. दोनशे बारा बायांचं दुखणं एकसारखं कसं?"

भागवतनं चहाचा रिकामा कप उचलला आणि परत ठेवला.

"सडकी आसंच लिवलं आसंल," पायरीवरून सत्यभामा म्हणाली. "दुसरं काय लिवत्यात? ऱ्हाऊ द्या ताई, तुमी लई केलं. मला पोरीचे कपडे भरायचेत." ती उठली. पदर सारखा केला, चपला पायात सरकवल्या.

"सत्यभामा, नेऊ नको तिला."

ती वळली. "कावून?"

भागवत फरशीकडं बघत होता.

"तुझी पिशवी चांगली व्हती. समद्यांच्याच चांगल्या व्हत्या, त्या चार वळीत त्येच लिवलंय. टाइप मीच केलतं."