गुण आला

आईच्या गुडघ्यातून सुई काढून डॉक्टरांनी पट्टी चिकटवली. "हे साखरेच्याच जातीचं, पण चिकट वंगण आहे. सांध्यातलं पाणी पातळ झालंय, त्यात हे मिसळलं की हाडं कमी घासतील. झिजलेली गादी मात्र परत येणार नाही. वजन अजिबात उचलायचं नाही."

"साखर आहे ना, मग गोड मानून घेते," म्हणत आई लंगडत घरी आली. कमरेखाली लुळ्या पडलेल्या तरण्या मुलाला तिने काखेत हात घालून उचललं आणि पलंगावरून खुर्चीत बसवलं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"वजन उचलू नका म्हणाले. त्यांना काय जातंय सांगायला!"

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि मान हलवली. "काहीच फरक नाही हो. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही."

"असं कसं? मुलाला उचलताना आता कळसुद्धा येत नाही! औषध द्यायचंच तर त्याला भुकेचं द्या. दोन घास खाल्ले की ताट सरकवतो."

"कधीपासून?"

"हे इंजेक्शन घेतलं ना, त्याच दिवसापा..." आई ताडकन उठली.

घरी येऊन तिने ताट वाढलं आणि स्वतःच्या हाताने घास त्याच्या तोंडाशी नेला. "खा रे राजा, माझ्यासाठी खा."

त्याने तोंड फिरवलं. "नको, आई. आत्ता कुठे तुझा गुडघा बरा होतोय."