गल्ल्यावरच्या तुळजाबाई

“तापाची गोळी हाय का गं?” तुळजाबाईंनी पायरीखालूनच विचारलं.

विशाखा चपापून उठली. वरच्या गल्लीतल्या रामलिंगची आई दुकानाच्या दारात, तीही एकटी, भीमनगरात!

तुळजाबाईंनी जन्मात कधी दुकानातून काही आणलं नव्हतं. मीठमिरचीपासून लुगड्यापर्यंत सगळं आधी नवऱ्यानं आणलं, मग लेकानं. गावातला एकुलता दुकानदार सिद्धेश्वर आपलं दुकान आणि गिरणी मोडून नांदेडला गेला, तेव्हापासून तर गावात काडेपेटीही मिळेना. दळण असो की गोळी, मुखेड गाठायचं. शेवटी गावातल्या बायकांनीच भाग गोळा करून हे दुकान काढलं. गिरणी बसवली, साध्या औषधांचा डबा ठेवला, म्हाताऱ्यांची पेन्शन अंगठ्यावर निघावी म्हणून यंत्र आणलं. भाग वरच्या गल्लीनंही भरले. रामलिंगच्या बायकोनं, पुनमनंही भरला. पण जागा द्यायची वेळ आली तेव्हा कुणाचीच खोली रिकामी निघेना. भीमनगरातल्या नागसेननं, विशाखाच्या नवऱ्यानं, आपली पुढची खोली दिली आणि तिथंच गाडं अडलं. नको असं कुणी म्हणालं नाही. वरच्या गल्लीतली माणसं नुसती आली नाहीत.

“आपण मुखेडहूनच आणू,” रामलिंग म्हणाला होता.

आज रामलिंग सोयाबीन घेऊन अहमदपूरला गेला होता. त्याचा फोन लागत नव्हता. आणि घरात पुनम तापानं फणफणली होती.

“कधीपासून ताप हाय, काकू?” विशाखानं विचारलं.

“परवापासून. आता तर काहीबाही बडबडून राहिली. मला बी वळखंना.”

विशाखानं हातात घेतलेली गोळ्यांची पट्टी तशीच खाली ठेवली. “मग नुसत्या गोळीनं भागायचं न्हाई. सोमेशचा ऑटो बोलावते. मुखेडला न्यावं लागंल.”

ती फोनवर बोलत होती तोवर तुळजाबाई पायरी चढून आत आल्या होत्या. आपण चढलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

“मला दवाखान्यातलं काय कळतंय, बाई? कुठं जायचं, कुणाला काय सांगायचं. तू जातीस का तिच्या संगं?”

विशाखानं दुकानावरून नजर फिरवली. तेल, साबण, बंद असलेली गिरणी. ती काही बोलणार, तेवढ्यात तुळजाबाई म्हणाल्या, “दुकानात मी बसते.”

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. विशाखा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं गल्ल्याची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि पुनमला घरून घेऊन जायला बाहेर येऊन थांबलेल्या ऑटोत जाऊन बसली.

तुळजाबाई गल्ल्यावर बसल्या. थोड्या वेळानं विशाखाची सासू, महामाया, चहाचा कप घेऊन आली. तुळजाबाईंच्या घरी महामायाला ओसरीवर बसून कधी चहा मिळाला नव्हता. ते दोघींनाही ठाऊक होतं. तुळजाबाईंनी कप घेतला, चहा प्यायला आणि सरकून महामायाला बसायला जागा केली.

गवताचा भारा घेऊन चाललेली वरच्या गल्लीतली एक बाई त्यांना बघून जागीच थबकली. “आत्या, तुमी हितं?”

“पुनमला विशाखानं दवाखान्यात नेलंय. तुला काय पाहिजे ते सांग, वाट अडवून उभी राहू नको.”

बाई गोंधळली. मग भारा खाली ठेवून तिनं एक साबण मागितला. महामायानं भाव सांगितला, तुळजाबाईंनी साबण दिला. ही बातमी वाऱ्यासारखी वरच्या गल्लीत गेली. आधी दोघी नुसत्या बघायला आल्या आणि जाताना चहापत्ती घेऊन गेल्या. मग कुणी मुखेडला न्यायला भरून ठेवलेलं दळण इकडंच आणलं. महामायानं पदर खोचून गिरणी चालू केली. तुळजाबाईंचा जीव मात्र पुनमकडं लागला होता. पिठाची धूळ अंगावर घेत त्या घडीघडी रस्त्याकडं बघत होत्या.

दुपार कलली तेव्हा रामलिंगचा टेम्पो रस्त्यावर येऊन थांबला. आई दुकानात बसल्याचं त्याला गावच्या फाट्यावरच कळलं होतं.

“माय, हितं काय करून राहिलीस? ऊठ, घरी चल.”

“तुझी बायको मुखेडच्या दवाखान्यात हाय. विशाखा तिच्या उशाशी बसलीया. ती येईस्तोवर मी न्हाई उठत.”

सगळे बघत होते. रामलिंगनं मान खाली घातली, टेम्पो वळवला आणि तो मुखेडला गेला.

दिवेलागणीला तो दोघींनाही घेऊन परतला. पुनम थकली होती, पण ताप उतरला होता. ती सासूकडं बघून हसली. तुळजाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि तोच हात विशाखाच्या डोक्यावर ठेवला.

“लई उपकार केलेस, लेकी. ही घे तुझी किल्ली. उद्या कोण बसणार हाय?”

विशाखानं किल्ली घेतली नाही. तिचे डोळे भरून आले.

“कुणीच बसणार नव्हतं, काकू. गिऱ्हाईकच न्हाई, म्हणून आजपासून दुकान बंद करायचं ठरलं होतं. सकाळी तुम्ही आलात तवा मी शेवटची आवराआवर करायला बसले होते. पण तुम्ही म्हणालात, मी बसते. मग बंद म्हणायला माझी जीभ उचलली न्हाई.”

तुळजाबाईंनी गिरणीकडं पाहिलं. मग किल्ली पदराच्या टोकाला गच्च बांधली.

“रामलिंग,” त्या म्हणाल्या, “सकाळी मला लवकर आणून सोड. चौघींचं दळण यायचंय.”