कुलपातली बाटली

“आधी तू खाय,” म्हणत जानरावांनी ताट बायकोपुढं सरकवलं.

सोजरबाईनं मुकाट्यानं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि गिळला. आसेगावात बायका नवऱ्याच्या मागून, त्याच्याच ताटात जेवत. या एका घरात पोळ्यापासून उलटी रीत चालू होती. जानरावांचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं, डोळे हळदीत बुडवल्यासारखे पिवळे, हात मात्र तुरीच्या काड्या. जेवणातून कुणीतरी इख घालतंय, विषानं मारतंय, याची त्यांना खात्री होती. शंका एवढीच, की कोण. गडी चाखत, पाहुणे चाखत. एकदा तर देवळातला प्रसादही आधी पुजाऱ्याला खायला लावला. चाखणारे सगळे टुणटुणीत राहिले. त्यामुळं संशय आणखी बळावला.

अखेर वाशीमहून डॉक्टर आणले. त्यांनी पोटात नळी घालून बादलीभर पाणी काढलं. जानरावांनी ते हुंगून पाहिलं.

“सांगा डाक्टरसाहेब, इख कोनं देल्लं?”

“यकृत दगडासारखं झालंय, जानराव. बिघडलं ते सुधरायचं नाही. उरलंय ते जपा. मीठ सोडा. आणि दारूचा घोटही नको, नाहीतर पुढचा पोळा दिसणार नाही.”

“तिचं नाव नका घेऊ! घरात तेवढीच चीज भरवशाची. मोहाची, मी सोता गाळतो. पेटीत कुलपात ठेवतो, चाबी माह्या करदोड्याले. दुसऱ्या कोनाचा हात नाही लागत तिले.”

डॉक्टरांनी बॅग मिटली. “मग इख घालणारा सापडला,” म्हणाले आणि दारातल्या बैलांच्या दमणीत जाऊन बसले.

जानरावांनी पेटी उघडून बाटली काढली. तिच्याकडं तिरप्या नजरेनं पाहिलं आणि सवयीनं सोजरबाईपुढं धरली.

“आना. हेच तेवढं चाखाचं राह्यलं व्हतं,” ती म्हणाली. तिनं बूच ओढलं, बाटली तोंडाशी नेली.

“नको!”

जानरावांनी असा हात मारला, की बाटली चुलीपाशी जाऊन फुटली. घरभर मोहाचा वास सुटला.

सोजरबाईनं काचा गोळा केल्या, हात धुतले, अळणी वरणाचं ताट वाढलं आणि रोजच्यासारखा पहिला घास मोडायला हात पुढं केला.

जानरावांनी ताट स्वतःकडं ओढलं.

“थांब. आज मी आधी.”