कुंपणापलीकडचा दुधी

“या कुंपणापलीकडे आधी दुसऱ्या जातीचा दुधी होता का?” शेतकी साहेबांनी विचारलं, आणि कोंडाजीचा हात मांडवाच्या मेढीवरच थांबला.

“होता, साहेब. माज्या भावाचा, नाथूचा. वीतभर फळं. बाजारात कोन इचारनार त्याला?”

कोंडाजीचा दुधी मात्र हातभर लांब. महाडच्या बाजारात पाटी टेकायचा अवकाश, बायका तुटून पडायच्या. घर त्या मांडवावरच चालायचं. आता दोन वर्षं झाली, मांडवावर नुसता पाला माजत होता. फळ धरलं तरी बोटाएवढं होऊन गळायचं. कोंडाजीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“तुमच्या दुधीला जोम त्या वेलामुळेच होता,” साहेब म्हणाले. “माश्या तिकडचे पराग इकडच्या फुलांवर आणायच्या. दोन जातींचा संकर झाला की बी जोरकस होतं. आम्ही तेच मुद्दाम हातानं करतो. तो वेल गेला कुठे?”

“गेला. पन पुढल्या साली तर माजा दुधी दुप्पट आला!”

“ते बी आदल्या वर्षीचं. संकर आधीच होऊन गेलेला. त्यानंतर पीक उतरणारच.”

कोंडाजी मांडवावरचा पिवळा पाला खुडू लागला. नाथूचा तो दरिद्री वेल आपली जात बिघडवणार, या भीतीनं त्याला तेव्हा पछाडलं होतं. नाथू गुडघे शेकायला सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गेला होता. भर दुपारी कोंडाजीनं कुंपणाच्या करवंदीच्या जाळीत हात घातला आणि कोयत्यानं वेलाचं बूड उडवलं. पुढल्या साली मांडव लदबदला, तेव्हा स्वतःच्या शहाणपणावर तो बेहद्द खूश झाला होता. कुंपणापलीकडे त्यानं पुन्हा डोकावूनही पाहिलं नव्हतं.

“त्या जातीचं मूठभर बी मिळवा,” साहेब म्हणाले. “मी स्वतः येऊन हातानं पराग लावून फुलं बांधून देतो. पहिल्यापेक्षा जास्त पिकेल.”

कोंडाजीच्या जिवात जीव आला. भावाशी बोलचाल कधीचीच बंद होती, तरी साहेबांची पाठ वळताच तो नाथूच्या पडवीत जाऊन उभा राहिला. नाथू दावं वळत बसला होता.

“नाथू, तुज्या त्या दुधीचं मूठभर बी दे रे. पाया पडतो तुज्या.”

नाथू रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं हातातलं दावं शांतपणे खाली ठेवलं.

“बियाला एकच फळ राखलं व्हतं, दादा. ते वेलावरच सुकलं, कवळं, बी धरायच्या आदीच. कोयत्याचा घाव मला वळखता येत नाय व्हय?”

कोंडाजीनं नजर कुंपणाकडे वळवली. “मंग आता तू लावतोस काय?”

“माजी पोरं उपाशी बघून वयनीनंच बी आणून दिलं, तुज्या घरातलं. आता कुंपणाच्या दोनी अंगांना तुजाच दुधी हाय, दादा.”