गोजरबाईचा फोटो

घरच्या झाडून साऱ्या लग्नांच्या फोटोत गोजरबाईच्या तोंडावर पदर होता. लाजाळू बाई म्हणून धावडा गावात तिचं नाव होतं. सून द्वारकानं माहेरून डिजिटल कॅमेरा आणला.

"आत्याबाई, रोल धुवायला भोकरदनला जायचं काम न्हाई. काढला की इथंच दिसतो."

"पहिले कोणाला दिसतो?"

"तुम्हालाच."

गोजरबाईनं पदर मागं सारला, मान ताठ केली. फोटो निघाल्यावर कॅमेऱ्यात स्वतःला निवांत बघितलं. "ब्येस आला. आता जा, पारावर दाखवून ये."

"पारावर? अन् लाज?"

"लाज कसली? आजवर फोटो पारावर फिरून मंग चुलीपाशी यायचे. माझं तोंड माझ्याआधी गावानं काहून बघावं?"